डुकरासाठी काढलेला परवाना

"तुका कित्याक होयी बंदूक? थंय काय केल्डी येतत?"

आईने फोनवर असं विचारलं तेव्हा मला पटकन उत्तरच सुचलं नाही. केल्डी म्हणजे आमच्याकडे माकडं. म्हटलं केल्डी नाहीत गं, पण डुकरं येतात. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं, पण त्यावर नंतर येतो.

मी कुडाळकडचा, गेली बरीच वर्षं टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये राहतो. नोकरी कॉम्प्युटरची आणि नाद गरवण्याचा, म्हणजे गरी टाकून मासे धरण्याचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर जायचो तेव्हा रॉडबिड काही नव्हतं, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी, पुढे गरी, वजनाला शिसं आणि आमिषाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, बस्स. इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं मासळी बाजारातून आणून खाल्ली आणि मग एकदा ऑफिसमधला एकजण लेक लव्हॉनवर घेऊन गेला तिथपासून जे सुरू झालं ते आजपर्यंत. लव्हॉन माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, ट्रिनिटी नदीच्या पूर्वेकडच्या फाट्यावर धरण बांधून केलेला तलाव, आपल्याकडच्या धरणासारखाच गढूळ पाण्याचा. वसंतात क्रॅपी काठाजवळच्या झुडपांत येतात, व्हाइट बास वरच्या ओढ्यात चढतात आणि कॅटफिश तर बाराही महिने. फोटो काढण्यासारखी जागा नाही पण मासे आहेत.

तर मार्च २०२३, सकाळचे साडेसहा, अजून अंधार, मी एकटाच काठावर खुर्ची टाकून बसलेलो, हातात थर्मास, आणि मागच्या झाडीत काहीतरी खरखरलं. मला वाटलं कुणाचातरी कुत्रा. हेडलॅम्प फिरवला तर दहा पंधरा पावलांवर डुकरं, सहा की सात मोजायला कोण बसतंय, एक मादी माझ्या कमरेएवढी आणि मागे पिल्लं. पिल्लांवाली डुकरीण म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मी खुर्चीसकट मागे पाण्यात, गुडघाभर, थर्मास गेला तो गेलाच. ती एकदा फुरफुरली आणि सगळी फौज घेऊन निघून गेली. एवढंच झालं. पण छातीतलं धडधडणं थांबायला बराच वेळ लागला आणि त्या दिवशी मासा एकही नाही.

घरी येऊन आजोबांची बंदूक आठवली. एकनळी बारा बोअर, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीला आलं की आजोबा रात्री मळ्यात माचावर झोपायचे, बंदूक शेजारी, आणि डुकरं आली की हवेत एक बार. डुक्कर मारलेलं मी तरी कधी बघितलं नाही, वन्यजीव कायद्याने शिकार बंदच, आणि काडतुसांचा हिशोब वहीत लिहावा लागायचा म्हणून आजोबा एक काडतूससुद्धा दहादा विचार करून वापरायचे. दर तीन वर्षांनी परवाना रिन्यू, त्यासाठी एसटीने ऑफिसच्या खेपा, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची. आजोबा गेल्यावर वडिलांनी ती नावावर करून घ्यायची खटपट केलीच नाही, म्हणाले कोण एवढ्या फेऱ्या मारणार.

आणि इथे मी. २०२१च्या १ सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांच्या वरच्या, कायद्याने बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसाला पिस्तूल कंबरेला लावून फिरायला परवानाच लागत नाही. म्हणजे मासे पकडायला लायसन्स लागतं, तीस डॉलरचं गोड्या पाण्याचं, दरवर्षी, आणि पिस्तुलाला नाही. हे मी गावी सांगितलं तर लोकांना वाटतं मी फेकतोय.

आता ते अर्धं खरं. डुकराची गोष्ट मी सगळ्यांना हसत हसत सांगायचो पण नुसत्या डुकरासाठी मी काही केलं नसतं. ६ मे २०२३, शनिवार, दुपार, ॲलन शहरातल्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ लोक गेले, लहान मुलंसुद्धा. तो मॉल आमच्यापासून वीस मिनिटांवर. मुलीचे शाळेचे बूट आम्ही तिथूनच आणलेले. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण कुठे आहे, कोण सेफ आहे हेच चाललेलं, आणि मी सोफ्यावर बसून नुसता भिंतीकडे बघत होतो. तिथे दुसऱ्याच कामासाठी आलेला एक पोलीस होता म्हणून ते तेवढ्यावर थांबलं. कंबरेला पिस्तूल असतं तर मी काय केलं असतं? काही नाही, मुलीला उचलून पळालो असतो, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी जूनमध्ये मी दुकानात गेलो. माणूस असाच असतो, डोक्याला एक कळतं आणि पाय दुसरीकडे चालतात.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तुला साधा रीलचा गुंता सोडवता येत नाही, वैतागून कात्री मागतोस." मुद्दा बरोबर होता. बेटकास्टर रील वापरणाऱ्यांना माहीत असेल, अंगठा जरा उशिरा टेकला की स्पूलमध्ये दोऱ्याचं असं घरटं होतं की नको तो मासा. तिने दोन अटी घातल्या, घरात तिजोरीशिवाय येणार नाही आणि शिकल्याशिवाय बाहेर नेणार नाही. तिजोरीचं तर इथला कायदासुद्धा सांगतो, सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवली तर गुन्हा आहे.

दुकानाचा अनुभव असा की मोबाइलच्या दुकानात गेल्यासारखंच. काचेखाली पिस्तुलं मांडलेली, काउंटरवरचा मुलगा कॉलेजच्या वयाचा म्हणावा असा, मला दोन चार हातात दिली, प्रत्येक वेळी आधी स्लाइड मागे ओढून रिकामं आहे हे दाखवून मग. ते मला आवडलं. मी ग्लॉक १९ घेतलं, नऊ एमएम, काहीही नक्षी नाही, काळा ठोकळा. मग फॉर्म ४४७३, बंदूक विकत घेताना भरायचा. कोर्टात गुन्हा आहे का, गांजा घेता का, बायकोला मारहाण केल्याची शिक्षा झाली आहे का, असे प्रश्न, आणि गांजाच्या प्रश्नाखाली ठळक लिहिलेलं की तुमच्या राज्यात चालत असेल तरी केंद्राच्या कायद्याने चालत नाही. जन्मस्थान विचारतात, पण परदेशात जन्म असेल तर नुसता देश लिहायचा, गावाचं नाव कुणाला नको. माझं ग्रीन कार्ड, म्हणून वर एलियन नंबर. मग तो मुलगा एफबीआयच्या सिस्टिममध्ये माहिती टाकतो आणि उत्तर येतं, लगेच घेऊन जा, थांबा, किंवा नाही. माझं आलं 'डिलेड'. सिटिझन नसलेल्यांचं इमिग्रेशनकडून वेगळं तपासतात त्यामुळे बरेचदा असं होतं म्हणे. तीन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार कायद्याने देऊ शकतो, माझं दुसऱ्याच दिवशी आलं. आजोबांना परवाना मिळायला किती महिने लागले होते ते मी आईला विचारलं, ती म्हणाली महिने नव्हे रे, वरीस.

जाता जाता एक गंमत, एच वन व्हिसावर बंदूक घेता येत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, नियम तसाच आहे, पण त्याला एक अपवाद आहे, वैध शिकारीचं लायसन्स असेल तर घेता येते. म्हणजे हरणाच्या नावावर पिस्तूल.

आता परवाना लागतच नाही तर काढायचा कशाला? तीन कारणं मला पटली. दुसरी बरीच राज्यं टेक्ससचा परवाना मानतात आणि आम्ही न्यू मेक्सिकोला गाडीने जातो. शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्राची बंदी आहे, त्यातून राज्याचा परवानाधारक सुटतो, आणि प्लेनोमध्ये शाळेपासून हजार फूट लांब रस्ता शोधून दाखवा. तिसरं, बायकोची अट. ऑनलाइन अर्ज, चाळीस डॉलर फी, बोटांचे ठसे द्यायला वेगळी अपॉइंटमेंट, ते झालं वीस मिनिटांत, तिथल्या बाईला माझा उजवा अंगठा मशीनवर उमटवताना चार वेळा दाबावा लागला. म्हणाली तुमचे ठसे झिजलेत, हाताचं काम करता का? मी अभिमानाने सांगितलं, फिशिंग.

क्लास जुलैतल्या एका शनिवारी, एका रेंजच्या मागच्या खोलीत. आम्ही चौदा जण. दोन नर्स, एक आजीबाई, एक नवराबायको भांडत आलेले, एक केरळचा ट्रकवाला, बाकी माझ्यासारखे. शिकवणारा सत्तरीचा रिटायर्ड पोलीस, पोट सुटलेला, आवाज हळू. मला वाटलं होतं बंदुकीबद्दल शिकवतील. त्याने पहिला दीड तास भांडण कसं टाळायचं हेच सांगितलं. पार्किंगमध्ये कुणी शिवी दिली तर आधी तुम्ही त्याला परत द्यायचात, आता कंबरेला हे आहे म्हणजे तुम्ही सॉरी म्हणून निघायचं, तुमची चूक नसली तरी, कारण आता प्रत्येक भांडणात एक बंदूक आहे आणि ती तुम्ही आणलेली आहे. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. मग कायदा, कधी जीवघेणं बळ वापरता येतं, मग पाट्या. ३०.०६ची पाटी म्हणजे लपवूनसुद्धा आणू नका, ३०.०७ म्हणजे उघडी आणू नका, आणि बारवरची लाल ५१ टक्क्यांची पाटी म्हणजे अर्ध्याहून जास्त कमाई दारूची, तिथे तर अजिबात नाही. शाळा नाही, कोर्ट नाही, मतदान केंद्र नाही. पोलिसाने गाडी थांबवून ओळखपत्र मागितलं आणि अंगावर बंदूक असेल तर लायसन्सबरोबर हा परवानाही दाखवायचा, हात स्टिअरिंगवर, विचारल्याशिवाय खिशात घालायचे नाहीत.

ब्रेकनंतर त्याने प्रत्येकाला विचारलं, कशासाठी घेताय. माझी पाळी आली, मी डुकराची गोष्ट सांगितली, थर्माससकट. सगळे हसले, तोही हसला आणि म्हणाला, नऊ एमएमने अंधारात डुकरावर गोळी झाडलीस तर एकच होईल, ते चिडेल. मग म्हणाला कुठला तलाव? मी म्हटलं लव्हॉन.

तो थांबला. म्हणाला लव्हॉन तर आर्मी कोरचा आहे ना.

झालं. आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्स, ज्यांनी ही धरणं बांधली, त्यांची जमीन केंद्राची, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे त्या जमिनीवर आणि पाण्यावर भरलेली बंदूक बाळगायला बंदी, शिकारीच्या परवानगीच्या जागा सोडून, किंवा त्यांच्या डिस्ट्रिक्ट कमांडरची लेखी परवानगी असेल तर. टेक्ससचा परवाना तिथे चालत नाही. पाच हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिने आत, किंवा दोन्ही. मी विचारलं, लुइसव्हिल? कोरचा. ग्रेपव्हाइन? कोरचा. रे रॉबर्ट्स? टेक्सोमा? कोरचा, कोरचा. म्हणजे मी ज्या ज्या पाण्यावर गरी टाकतो ते सगळं. ग्रीन कार्डवाल्या माणसाने केंद्राचा गुन्हा अंगावर घ्यायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तिकडे सिटिझनशिपचा अर्ज करायचा आणि इकडे डुकरासाठी कोर्टात उभं राहायचं. ट्रकवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, भाई, काठी घे.

पिस्तूल साडेपाचशे, तिजोरी, होल्स्टर, बेल्ट, गोळ्या, क्लास, सगळे मिळून हजाराच्या पुढे गेलेले. तेवढ्यात चांगली कयाक आली असती. बायकोला मी हे दोन दिवसांनी सांगितलं.

शूटिंग टेस्ट त्याच दुपारी. पन्नास गोळ्या, माणसाच्या आकाराच्या कागदावर, वीस तीन यार्डावरून, वीस सात यार्डावरून, दहा पंधरा यार्डावरून. एकूण २५० पैकी १७५ लागतात. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, तेवढ्या अंतरावरून आमच्या आजोबांनी डोळे मिटून सुंगटं फेकून मारली असती. मी आधी चार पाच वेळा रेंजवर जाऊन आलो होतो, तरी पहिल्या दहा गोळ्यांना हात थरथरत होता, आणि शेजारच्या आजीबाईंच्या पिस्तुलातून उडालेलं तापलेलं टरफल माझ्या कॉलरमध्ये गेलं तेव्हा मी जे नाचलो. नळी मात्र टारगेटकडेच ठेवली, त्याचं इन्स्ट्रक्टरने नंतर कौतुक केलं. २३१ मिळाले. आजीबाईंना २४६.

पण माझं खरं मत सांगू का, ही टेस्ट फारच सोपी आहे. होल्स्टरमधून काढून दाखवायला कुणी सांगतच नाही, पिस्तूल आधीच हातात असतं. म्हणजे जो माणूस शर्टाखाली लपवून नेणार त्याला शर्टाखालून काढता येतं की नाही हेच कुणी बघत नाही. ड्रायव्हिंग टेस्टला माझं पॅरलल पार्किंग बघितलं होतं यांनी. आणि आता तर ही टेस्टसुद्धा द्यायला नको. बंदुकीच्या बाजूचे लोक म्हणतात हक्काला परीक्षा कशाला, मला ते काही पटत नाही, मी स्वतः परीक्षा देऊन सांगतोय की त्या सहा तासांत मला कळलं मला किती येत नाही. तेवढं तरी प्रत्येकाला कळू दे. उलट आमच्या ग्रुपमधले जे म्हणतात बंदूकवाले सगळे माथेफिरू, त्यांनी एकदा त्या खोलीत बसून बघावं, निम्मे लोक घाबरलेले आणि समजूतदार होते.

परवाना ऑगस्टमध्ये पोस्टाने आला. साठ दिवस लागतील म्हणाले होते, त्याच्या बरेच आधी. मग मी खरोखर बाळगायला सुरुवात केली आणि तिथे खरी मजा. टेक्ससचा ऑगस्ट, पारा चाळिसाला, आणि पँटच्या आत प्लास्टिकचं होल्स्टर. बसलं की पोटात टोचतं, वाकलं की शर्ट वर जातो, घामाने कातडी सोलवटते. शर्ट एक साइज मोठे घेतले. दुकानात वरच्या फळीवरचं पोह्यांचं पाकीट काढायला हात वर केला आणि लगेच खाली घेतला, मग विनापोह्याचा घरी. प्रत्येक दारावर पाटी वाचायची. मुलीला शाळेतून आणायचं म्हणजे आधी घरी जाऊन तिजोरीत ठेवा, मग जा. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात, तिथे तर प्रश्नच नाही. मित्राकडे जेवायला गेलो तर त्यांची मुलं अंगावर चढतात, म्हणून पुन्हा घरीच. देवळात मला कुणी अडवलं नसतं, पण नमस्काराला वाकताना ते कंबरेत रुतलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली, का ते नीट सांगता येणार नाही.

आजोबा बंदूक खांद्यावर टाकून उघडपणे चालायचे, सगळ्या गावाला माहीत, पोरं मागे धावायची, ती बंदूक म्हणजे एक प्रकारे वाडीची होती. माझी कुणालाच माहीत नाही. शेजारी गुड मॉर्निंग म्हणतो आणि मी मनात म्हणतो, याला माहीत नाही. आणि मग दुसरा विचार येतो, त्याच्या शर्टाखाली काय आहे ते मला तरी कुठे माहीत आहे. हे एकदा डोक्यात शिरलं की माणसांकडे बघायची नजर बदलते, आणि ते मला आवडलं नाही. ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातून एकदा, मग लांबच्या प्रवासाला, आता रेंजवर जाताना. महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या झाडतो, साफ करतो, परत ठेवतो. विकणार का असं बायको विचारते. नाही. का नाही तेही माहीत नाही.

लव्हॉनवर मात्र मी तयारी वाढवली. एकटा अंधारात जात नाही हे पहिलं. मोठा हेडलॅम्प, गळ्यात शिट्टी, आणि पायाने खडखड करत उतरायचं, डुकरांना आधी कळलं की ती आपणहून वाट सोडतात, हे आजोबांना माहीत होतं आणि मला हजार डॉलर घालवून कळलं. आणि लांब चिमटा. इतक्या वर्षांत मला तलावावर रक्त आलंय ते फक्त तीन तोंडांच्या गरीमुळे, बास सोडवताना त्याने झटका दिला आणि एक काटा माझ्या अंगठ्यात काट्याच्या दातासकट. दोऱ्याची फास घालून, गरीचा दांडा खाली दाबून, एका झटक्यात ओढून काढली, शेजारच्या म्हाताऱ्याने. त्याने तीनपर्यंत मोजतो म्हणून सांगितलं आणि दोनलाच ओढली. तेव्हापासून माझ्या सगळ्या गऱ्यांचे दात मी चिमट्याने दाबून टाकतो, मासे थोडे सुटतात, सुटू देत.

२०२४च्या एप्रिलमध्ये मुलीला घेऊन गेलो. ती नऊची, तिला स्वस्तातला, न तुटणारा रॉड आणि बटण दाबायचं रील दिलंय, बेटकास्टर नाही, गुंता सोडवणारा मी एकटा पुरे. उजाडल्यावर गेम वॉर्डन आला, म्हणजे शिकार आणि मासेमारीचे नियम बघणारा अधिकारी. माझं लायसन्स बघितलं, सतरा वर्षांखाली लागत नाही म्हणून तिला नुसतं हाय म्हणाला, बादली बघितली. आमची कन्या त्याला म्हणते, माझ्या बाबाकडे बंदुकीचं पण लायसन्स आहे. माझ्या पोटात गोळा.

तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, आज आहे का सोबत? म्हटलं नाही, घरी तिजोरीत, कोरची जमीन ना. तो मान डोलावून म्हणाला, बरेच जण विसरतात. मग पट्टी काढून बादलीतली एक क्रॅपी त्याने मोजली, साडेनऊ इंच. दहा लागते. मुलीने तोंड वाकडं करून ती पाण्यात सोडली, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, तू पण मोजली होतीस ना?

मोजली होती. शेपूट जरा ओढून.